मिलोंगा पारंपरिक कशामुळे होते?

जाहिरातीत 'पारंपरिक मिलोंगा' असं छापलं की टँगो नाचणाऱ्यांमध्ये भांडण ठरलेलं. मिलोंगा म्हणजे सर्वसामान्य माणसं एकमेकांबरोबर टँगो नाचायला जमतात ती संध्याकाळ. तिथे परीक्षक नसतात आणि तिकीट काढून बघायला आलेले प्रेक्षकही नसतात. हे भांडण ब्युनोस आयर्समध्ये जुनं आहे, युरोपात बराच काळ धुमसत आलं आहे, आणि पुण्या-मुंबईत जी मूठभर मंडळी टँगो नाचतात त्यांच्यातही ते पोचलं आहे. दोन्ही बाजूंना मला प्रिय असलेली माणसं आहेत, आणि तरी मला वाटतं की वाद भलत्याच मुद्द्यावर चालला आहे. एक बाजू यादी काढून बसते: ध्वनिमुद्रणं १९३५ ते १९५५ मधलीच हवीत, पुरुष एका भिंतीशी आणि स्त्रिया समोरच्या भिंतीशी बसल्या पाहिजेत, लीड, म्हणजे नाचाची दिशा ठरवणं, पुरुषानेच करायचं आणि स्त्रीने फॉलो, शेवटी 'ला कुम्पार्सिता' ही प्रसिद्ध टँगो रचना वाजलीच पाहिजे. दुसरी बाजू इतिहास काढते: टँगो जन्मापासून बदलतच आला, मग परंपरा कसली? ज्याला जे नाचायचं ते नाचू द्या. पहिल्यांचा इतिहास कच्चा आहे आणि दुसऱ्यांचा तर्क.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मिलोंगा पारंपरिक ठरते ती तिथल्या अनोळखी माणसांमध्ये असलेल्या एका करारामुळे. ज्या माणसाचं नावही आपल्याला ठाऊक नाही त्याला मिठीत घेऊन, आधी काहीही न ठरवता, गर्दीच्या फरशीवर दहा-बारा मिनिटं नाचायचं आणि कुणालाही इजा न करता, कुणाचाही अपमान न होता परत जागेवर येऊन बसायचं, हे ज्या रीतींमुळे शक्य होतं त्या रीती म्हणजे परंपरा. ज्या रीती काढून टाकल्या तरी हे शक्य राहतं, त्या एका काळाच्या सवयी आहेत. त्या कुणाला जपाव्याशा वाटल्या तर जरूर जपाव्यात, पण त्यांच्या जोरावर कुणाला दारातून परत पाठवू नये.

या रीती काय आहेत ते नीट पाहायला हवं, कारण वाद घालणारे बहुतेकजण त्या एकाच गठ्ठ्यात बांधून टाकतात. पहिली आहे नजरेची. मिलोंगेत उठून कुणाच्या टेबलाशी जाऊन 'नाचणार का?' असं विचारत नाहीत. दुरून नजर टाकायची, ती मिरादा. समोरच्याने नजर रोखून धरली तर मान किंचित हलवायची, तो काबेसेओ. समोरचीला नाचायचं नसेल तर ती फक्त दुसरीकडे पाहते. नकार दिला गेलाय हे खोलीत तिसऱ्या कुणाला कळतही नाही. दुसरी रीत तांद्याची. एका वाद्यवृंदाची, शक्यतो एकाच काळातली तीन किंवा चार गाणी सलग लावायची, तेवढा वेळ त्याच जोडीदाराबरोबर नाचायचं. मग कोर्तिना, म्हणजे टँगोशी संबंध नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा, वाजते, फरशी रिकामी होते आणि सगळे आपापल्या जागी जातात. तिसरी रोंदेची. फरशीच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने रांगेत नाचत पुढे सरकायचं, मागच्याला आणि पुढच्याला जागा द्यायची, रांग सोडून मधे घुसायचं नाही, गर्दीत पाय हवेत उडवायचे नाहीत.

आता यांतली एकेक रीत काढून पाहा. काबेसेओ काढला की नकार तोंडावर द्यावा लागतो, आणि तोंडावर नकार देणं अवघड असतं, विशेषतः स्त्रियांना. मग नको असलेल्या मिठीत चार गाणी काढावी लागतात. तांदा काढला तर केव्हा थांबायचं हे दरवेळी ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्यात कुणाचा तरी पाणउतारा होतोच. कोर्तिना वाजली की दोघंही न दुखावता वेगळे होऊ शकतात. रोंदा काढली तर गर्दीत नाचणं म्हणजे शुद्ध धोका. मिठीत असलेल्या स्त्रीला पाठीमागचं दिसत नाही, अनेकजणी तर डोळे मिटून नाचतात. पुढचा माणूस अचानक उलटा फिरणार नाही एवढा भरवसा असेल तरच तिला डोळे मिटता येतात. या तिन्ही गोष्टी मला शोभेसाठी ठेवलेल्या वाटत नाहीत. इमारतीचा भार पेलणाऱ्या त्या भिंती आहेत.

पण मग यादीवाले म्हणतात तसं हे सगळं 'पूर्वीपासून असंच' होतं का? नाही, आणि हे त्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं. ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्याची सुरुवात १९३५ च्या सुमारास धरतात. हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदात त्या वर्षाच्या अखेरीस रोदोल्फो बियाजी पियानोवर आला, ठेका धारदार झाला आणि तरुण पोरं पुन्हा फरशीवर उतरली. पुढच्या वीस वर्षांत दी सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे यांनी जे संगीत केलं त्यावर आजही जग नाचतं. पण त्या काळच्या मोठ्या नाचांना वाद्यवृंद प्रत्यक्ष हजर असायचा, आणि बहुतेकदा दोन असायचे: एक 'टिपिका', म्हणजे बांदोनेऑन (भात्याचं, हातात धरून वाजवायचं वाद्य), व्हायोलिन, पियानो आणि बास असलेला टँगोचा, आणि दुसरा जॅझचा. लोक आलटून पालटून टँगो आणि फॉक्सट्रॉट नाचत. आज 'पारंपरिक' म्हणून ज्याचा आग्रह धरला जातो तो तांदे आणि कोर्तिनांचा साचा प्रत्यक्ष वादकांची जागा ध्वनिमुद्रणांनी घेतल्यानंतर रुळला. खुर्च्यांचंही तसंच. जुन्या नर्तकांच्या आठवणींत मोहल्ल्यातल्या क्लबांचं जे चित्र येतं त्यात मुली आयांबरोबर टेबलांशी बसलेल्या असतात आणि पुरुष मधोमध किंवा बारपाशी घोळक्याने उभे असतात. समोरासमोरच्या दोन भिंती ही त्या चित्राची नक्कल नाही.

नाचाची शैली तरी एक होती का? ब्युनोस आयर्सच्या मध्यवर्ती भागातल्या गच्च भरलेल्या ठिकाणी छाती छातीला लावून इवल्या पावलांनी नाचत. व्हिया उर्किसासारख्या भागात, जिथे सुंदरलँड क्लबमध्ये बास्केटबॉलच्या मैदानावर नाच होतो, तिथली पावलं लांब आणि संथ. पेत्रोलिओ या टोपणनावाने ओळखले जाणारे कार्लोस एस्तेवेस आणि त्यांचे मित्र चाळीसच्या दशकात गिरक्यांचे नवनवे प्रकार घडवत होते. आज ते प्रकार 'जुने' म्हणून शिकवले जातात. आणि छाती छातीला लावून नाचण्याच्या ज्या पद्धतीला आपण मिलोंगेरो शैली म्हणतो, तिचं ते नाव तर १९९० च्या दशकात शिकवण्याच्या सोयीसाठी रूढ झालं. नाच आधीपासून होता, त्याला एकमेव खरी परंपरा ठरवणारं लेबल मात्र नवं आहे.

या साचेबंदपणाचं कारण समजून घेतलं तर यादीवाल्यांबद्दल राग राहत नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये लष्कराने अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांना उलथवलं. जमावावरची बंधनं, बदललेली आर्थिक परिस्थिती, रॉक अँड रोलकडे वळलेली नवी पिढी, अशा अनेक कारणांनी वाद्यवृंद मोडले आणि नाचाच्या जागा ओस पडत गेल्या. १९७६ ते १९८३ ची हुकूमशाही त्यावर आणखी एक घाव होता. या सगळ्या काळात थोडी माणसं नाचत राहिली. १९८३ साली लोकशाही परतली, त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'टँगो अर्जेंटिनो' हा रंगमंचीय कार्यक्रम गाजला, दोन वर्षांनी तो ब्रॉडवेवर गेला, आणि जगभरच्या तरुणांना अचानक टँगो शिकायचा होता. शिकवणार कोण? जे उरले होते ते. त्यांना जे आठवत होतं, ज्या क्लबात ते नाचले होते तिथली जी रीत होती, तीच सगळ्या परंपरेची प्रतिनिधी झाली. साखळी तुटल्यावर जे कडं हाती लागतं त्याला माणूस घट्ट धरतो, आणि टँगो नाहीसा होताना ज्यांनी पाहिला त्यांनी तो घट्ट धरला म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. हे ऋण मी मानतो.

तर मग 'परंपरा बदलतच आली' हे खरं ठरलं; मग दुसऱ्या बाजूचा निष्कर्षही खरा का नाही? कारण एखादी गोष्ट बदलत आली यावरून ती कशीही बदलली तरी तीच राहते असं सिद्ध होत नाही. आपल्याकडे हार्मोनियमचा वाद झाला तो इथे उपयोगी पडेल. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बंदीमागे दोन युक्तिवाद होते. एक, हे परदेशी वाद्य आहे. दुसरा, या वाद्याचे स्वर ठरून गेलेले आहेत, त्यावर मींड घेता येत नाही, आणि गळ्याच्या सूक्ष्म जागा ते झाकून टाकतं. पहिल्या युक्तिवादात दम नव्हता. संगीत नाटकांचा सगळा इतिहासच त्याला उत्तर होता. दुसरा मात्र कामाचा होता. त्याला 'संगीत बदलतच असतं' असं म्हणून उत्तर देता येत नव्हतं. संगतकाराने गळ्यामागे कसं राहायचं याची समज वाढवूनच ते देता आलं. टँगोत बांदोनेऑनचं तेच. हे जर्मन वाद्य, हाइनरिश बांडच्या नावावरून ओळखलं जाणारं. सुरुवातीच्या टँगोत बासरी, व्हायोलिन आणि गिटार असत. बांदोनेऑन आला आणि बासरी गेली. आज बांदोनेऑनशिवाय टँगोची कल्पना करवत नाही. त्याचं परदेशी असणं हा प्रश्नच नव्हता. नव्या वाद्याने नाच जास्त खोल होतो का, एवढाच प्रश्न होता आणि तो फरशीवर सुटला.

हीच कसोटी आजच्या भांडणांना लावू. स्त्री लीड करते, पुरुष फॉलो करतो, दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष एकत्र नाचतात, याने करारातलं काय मोडतं? नजर तशीच चालते, तांदा तसाच चालतो, रोंदा तशीच फिरते. यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप मला मान्य आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पुरुष पुरुषांबरोबर नाचत असलेली छायाचित्रं दाखवून 'बघा, हे तर मूळचंच' असं म्हणणं इतिहासाशी प्रामाणिक नाही. पुरुष एकमेकांबरोबर नाचत ते सरावात. तरुण पोरगा आधी फॉलो करायला शिके, मग लीड करायला, आणि तयार झाला की मिलोंगेत जाई. मिलोंगेत दोन पुरुष नाचले असते तर त्यांना बाहेर काढलं असतं. म्हणून मी हा बदल जुना आहे असं म्हणणार नाही. तो नवा आहे, आणि करार न मोडणारा आहे. ब्युनोस आयर्समधली ला मार्शल ही मिलोंगा २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच दाखवत आली आहे. शिवाय जुन्या सरावाने एक गोष्ट निर्विवाद दाखवली: दोन्ही भूमिका अंगात मुरलेला नर्तक चांगला असतो. मग हे ज्ञान फक्त पुरुषांकडेच का राहावं?

खुर्च्यांच्या बाबतीत मला यादीवाल्यांना जास्त द्यावं लागतं. स्त्री-पुरुष वेगळे बसवण्यामागे निव्वळ जुनाट विचार आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा मित्रमंडळींच्या गोल टेबलांशी बसून काबेसेओ करून बघावा. कुणाची पाठ असते, कुणी गप्पांत दंग असतं, नजर पोचतच नाही. आणि मग लोक नाइलाजाने टेबलांशी जाऊन विचारू लागतात. समोरासमोरच्या भिंतींची व्यवस्था नजरेसाठी खरोखर उत्तम आहे. पण इथे जपायची गोष्ट नजर आहे. नाचायला आलेले सगळे फरशीकडे तोंड करून एका रांगेत बसतील, दोघांमधली दृष्टी मोकळी राहील, एवढं केलं तर कोण कोणत्या भिंतीशी बसतं याने फरक पडत नाही. आणि जोडीने येणाऱ्यांना, ज्यांना एकमेकांशीच नाचायचंय, त्यांना मागे टेबल देण्याची पद्धत तर ब्युनोस आयर्समध्येही आहेच.

संगीताचा मुद्दा सर्वांत अवघड, आणि इथे मी बहुतांशी जुन्यांच्या बाजूचा आहे. १९३५–५५ मधली ध्वनिमुद्रणं लावावीत, कारण ती नाचणाऱ्यांसाठी वाजवलेली आहेत आणि सगळ्यांना पाठ आहेत. अनोळखी जोडीदाराबरोबर आधी न ठरवता नाचताना दोघांनाही पुढचा थांबा कुठे येणार हे ठाऊक असतं, दोघंही एकदमच थांबतात. नवं, न ऐकलेलं, ठेका लपवणारं संगीत लावलं तर दोघांपैकी एकजण कायम मागे राहतो. २००१ नंतर इलेक्ट्रॉनिक टँगोची लाट आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी हेच झालं: एकसुरी ठेका सहा-सहा मिनिटं चालत राहिला आणि मिठी सुटत गेली. मात्र कारण हे असेल तर तारखेचा अट्टहास टिकत नाही. आज नाचणाऱ्यांसाठी वाजवणारे वाद्यवृंद आहेत. पुग्लिएसेच्या परंपरेतला कोलोर टँगो आहे, सेक्स्तेतो मिलोंगेरो आहे, रोमांतिका मिलोंगेरा आहे. यांच्या मुद्रणांवर माणसं उत्तम नाचतात. त्यांचा एकही तांदा न लावणारा आणि स्वतःला परंपरेचा राखणदार म्हणवणारा आयोजक त्या परंपरेतल्या जिवंत वादकांचीच उपासमार करतो. सुवर्णकाळ सोनेरी झाला तो लोक त्या वर्षीचं संगीत त्याच वर्षी नाचत होते म्हणून. ही प्रतिपक्षाची सर्वांत जोरदार बाजू आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रात्रीतले एक-दोन तांदे आजच्या वादकांना द्यावेत आणि शक्य तिथे प्रत्यक्ष वादन ठेवावं, एवढंच सांगता येतं.

'ला कुम्पार्सिता'ने शेवट करण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शेवटचा नाच कोणता हे सगळ्यांना कळलेलं बरं. पण ज्यांना शुद्धतेचा फार अभिमान आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं की ही रचना हेरार्दो मातोस रोद्रिगेस या उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या विद्यार्थ्याने मूळ मार्च म्हणून केली आणि रोबेर्तो फिर्पोने तिला टँगोचं रूप दिलं. टँगो २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला तोही अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या संयुक्त नावाने. शिवाय ब्युनोस आयर्सच्या कित्येक जुन्या मिलोंगांमध्ये मध्येच चाकारेरा हे लोकनृत्य लागतं, कुठे रॉक अँड रोल किंवा कुंबियाचा तांदा लागतो, आणि सत्तरीतली माणसं हौसेने उठतात. युरोपातल्या एखाद्या 'अतिपारंपरिक' संध्याकाळी असं कुणी केलं तर लोक आयोजकाकडे तक्रार घेऊन जातील. मूळ गावापेक्षा नक्कल जास्त कडक झाली की समजावं, नियमामागचं कारण वाटेत कुठेतरी गळून पडलं आहे.

इथे एक आक्षेप थेट माझ्यावर येतो, आणि तो वाजवी आहे. ब्युनोस आयर्सच्या माणसांची परंपरा कोणती हे ठरवणारा मराठी माणूस कोण? मी ठरवत नाही. पण ब्युनोस आयर्सलाही एकच आवाज नाही. २०१५ मध्ये 'नी उना मेनोस' ही स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धची चळवळ उभी राहिली, त्यानंतरच्या वर्षांत तिथल्याच नर्तिकांनी मिलोंगांमधल्या छळाबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली आणि आयोजकांनी अशा वेळी काय करावं याची आचारसंहिता मांडली. त्या बाहेरच्या नाहीत. परंपरेच्या नावाखाली कुणाला तरी सहन करायला लावलं जात होतं, असं त्या परंपरेच्या आतूनच सांगत आहेत. मला त्यांचं म्हणणं काबेसेओच्या मूळ हेतूला धरूनच वाटतं.

काबेसेओवरचा आक्षेपही टाळून चालणार नाही. नजरेच्या पद्धतीत काही माणसं रात्रभर बसून राहतात: वयस्क स्त्रिया, नवखे, ज्यांची नजर अधू आहे असे. हे खरं आहे आणि क्रूर आहे. 'मग थेट विचारायची पद्धत आणा' हे उत्तर मात्र लागू पडत नाही, कारण थेट विचारणाऱ्या मिलोंगांतही हीच माणसं बसून राहतात. फरक इतकाच की तिथे तरुण स्त्रियांना वर नकोसे नाचही सोसावे लागतात. बसून राहणाऱ्यांचा प्रश्न आयोजकाच्या आदरातिथ्याचा आहे. चांगला आयोजक नवख्याला दाराशी भेटतो, त्याला दिसेल आणि दिसता येईल अशी जागा देतो, जुन्या नर्तकांना त्याची ओळख करून देतो. जुन्या मिलोंगांचे आयोजक हेच करत आले. यादीत ते कधी लिहिलं जात नाही.

आणि ज्यांना हा करार नकोच आहे त्यांचं काय? त्यांनी हवं तसं नाचावं, आपल्या संध्याकाळीला पर्यायी म्हणावं, त्यात कमीपणा नाही. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात नृत्यशिक्षकांनी टँगोची पावलं ठरवून, मोजून, परीक्षा लावून एक वेगळाच बॉलरूम टँगो उभा केला. तो आजही सुखाने नांदतो आहे आणि त्याला कुणी मिलोंगा म्हणत नाही. तक्रार आहे ती 'पारंपरिक' हे नाव घेऊन त्याचं काम न करणाऱ्यांबद्दल. दिवे इतके मंद ठेवायचे की समोरची व्यक्ती कुठे बघते आहे ते दिसू नये, आणि वर पाटी लावायची की इथे फक्त काबेसेओ चालतो. गाणी सगळी १९४१ ची, पण कोर्तिना इतकी आखूड की फरशी रिकामीच होत नाही. आपल्याकडच्या वर्गांत तर पहिल्या महिन्यात ओचो आणि दुसऱ्या महिन्यात गांचो असे पावलांचे प्रकार शिकवतात, आणि फरशीवर उतरण्याआधी येणाऱ्या जोडीतल्या लीड करणाऱ्याच्या नजरेत नजर घालून त्याची परवानगी घ्यायची असते, हे कुणी वर्षभर सांगत नाही. पुण्यात किंवा मुंबईत कुणाला पारंपरिक मिलोंगा भरवायची असेल तर कपडे आणि तारखा सध्या राहू द्याव्यात. दिवे वाढवावेत, खुर्च्या फरशीकडे वळवाव्यात, कोर्तिना पुरेशी लांब ठेवावी, आणि नाच सुरू होण्याआधी अर्धा तास रांगेत शिरायचं कसं आणि रांगेत राहायचं कसं एवढंच शिकवावं.